डब्यावरचा आकडा आणि टाकीतली मिनिटं

इलफर्डच्या डेल्टा ३२०० या कृष्णधवल फिल्मच्या डब्यावर ३२०० हा आकडा ठळक छापलेला असतो. त्याच कंपनीचं माहितीपत्रक उघडलं, की मात्र या फिल्मचा मोजलेला आयएसओ वेग १००० असल्याचं वाचायला मिळतं. कोडॅकच्या टी-मॅक्स पी३२०० ची तीच तऱ्हा. तिचा मोजलेला वेग डेव्हलपरनुसार ८०० ते १००० च्या आसपास भरतो, आणि नावातला ‘पी’ हा ‘पुश’ या शब्दाचा आहे. यात फसवणूक कुणाचीच नाही. १००० हा प्रयोगशाळेत ठरलेल्या अटींखाली मोजलेला वेग, तर ३२०० हा ‘एवढ्यावर वापरा आणि त्या मानानं जास्त वेळ धुवा’ असा सल्ला. दोन्ही आकडे एकाच डब्यात नांदतात, कारण फिल्मचा वेग एकट्या फिल्मच्या अंगात नसतो. कोणता डेव्हलपर, किती तापमान, किती मिनिटं आणि टाकी किती वेळा उलटीसुलटी केली, या सगळ्यांनी मिळून तो ठरतो.

साधं उदाहरण म्हणून एचपी५ प्लस घेऊ. आयडी-११ डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, २० अंश सेल्सिअसला इलफर्डनं दिलेल्या वेळा अशा: ४०० वेगानं फोटो काढले असतील तर साडेसात मिनिटं, ८०० ने काढले असतील तर साडेदहा, १६०० ने काढले असतील तर चौदा. गेल्या काही वर्षांत फिल्मकडे वळलेली तरुण मंडळी ही ओळ पाककृतीसारखी वाचतात. चौदा मिनिटं धुतली की ४०० ची फिल्म १६०० ची झाली, असा त्यांचा समज असतो. तक्ता खरा आहे, पण चौदा मिनिटांत काय मिळतं आणि काय कायमचं हातचं जातं, याबद्दल तो गप्प आहे. तेवढं समजून घेतलं तर वेग आणि वेळ यांची सांगड कशी घालायची, हे तक्त्याशिवायही कळू लागतं.

फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडला की स्फटिकात चांदीचे मोजके अणू एका जागी जमतात. हे कसं घडतं याचा पाया घालणारा सिद्धान्त रोनल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट यांनी १९३८ साली मांडला. असे साधारण चार अणू एकत्र आले, की डेव्हलपरला तो स्फटिक ‘दिसतो’ आणि अब्जावधी आयनांचा तो अख्खा स्फटिक काळ्या चांदीत बदलतो. चार अणूंपर्यंत मजल गेली नाही, तर डेव्हलपर त्याच्या शेजारून वाहत राहतो आणि शेवटी हायपोत, म्हणजे फिक्सरमध्ये, तो स्फटिक विरघळून जातो. पेरलंच नाही तिथं कितीही पाणी घातलं तरी उगवत नाही, तसलाच हा मामला.

दृश्यातल्या सावल्यांमधून फिल्मवर फार थोडा प्रकाश पोचतो. तिथले थोडेच स्फटिक लायक ठरतात आणि ते पहिल्या काही मिनिटांतच उरकतात. ढग, पांढरा सदरा, उन्हात न्हालेली भिंत अशा उजळ भागांत मात्र लायक स्फटिकांची गर्दी असते. डेव्हलपरला तिथं पुष्कळ काम उरतं आणि वेळ वाढवत नेला तसं ते वाढत जातं. जुन्या फोटोग्राफरांचा ‘सावल्यांसाठी एक्स्पोजर, उजळ भागांसाठी डेव्हलपिंग’ हा नियम यातूनच आला. कॅमेऱ्यात सावल्या ठरतात. टाकीत ठरतो तो मुख्यतः उजळ भाग आणि या दोहोंमधलं अंतर, म्हणजे कॉन्ट्रास्ट.

हा नियम मोजमापानं सिद्ध झाला तो फोटोग्राफीशी वरवर काहीच संबंध नसलेल्या गावात. इंग्लंडमधल्या तेव्हाच्या लँकेशरातलं विडनेस हे त्या काळी अल्कली कारखान्यांचं, धुरानं काळवंडलेलं गाव होतं. तिथल्या गॅस्केल-डीकन कारखान्यात फर्डिनांड हर्टर नावाचे स्विस रसायनशास्त्रज्ञ होते आणि व्हीरो चार्ल्स ड्रिफिल्ड नावाचे अभियंते. ड्रिफिल्डना फोटोग्राफीचा नाद होता आणि तो त्यांनी हर्टरना लावला. हर्टरचा स्वभाव शास्त्रज्ञाचा. ज्या कामात सगळे अंदाजानंच बोलतात, ते त्यांना सहन होईना. त्या काळी प्लेटचा वेग, एक्स्पोजरची वेळ, धुण्याची वेळ, सगळं हाताच्या सवयीवर चाले. लाल दिव्याखाली प्लेट डेव्हलपरच्या ट्रेमध्ये हलवत राहायची, चित्र उमटताना बघायचं, आणि ‘आता पुरे’ वाटलं की बाहेर काढायची. कॅमेऱ्यात एक्स्पोजर चुकलं असलं तरी मुरलेला माणूस डेव्हलपरमध्ये थोडं हे, थोडं ते घालून ते सावरून घेतो, अशी तेव्हाची सार्वत्रिक श्रद्धा होती.

हर्टर आणि ड्रिफिल्ड यांनी ही श्रद्धा तपासायला घेतली. उपकरणं विकत मिळत नव्हती, म्हणून ती त्यांनी घरी बनवली. प्लेटच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर मोजूनमापून प्रकाश पाडणारं, खाचा पाडलेली चकती फिरवणारं यंत्र जुन्या शिवणयंत्रापासून तयार झालं आणि प्रकाशासाठी मेणबत्ती आली. प्रत्येक पट्टीवर आधीच्या पट्टीपेक्षा ठरावीक पटीनं जास्त प्रकाश पाडायचा, प्लेट धुवायची, आणि प्रत्येक पट्टी किती प्रकाश अडवते ते मोजायचं. अडवलेल्या प्रकाशाचं माप त्यांनी लॉगॅरिदममध्ये घेतलं. तीच आजची ‘डेन्सिटी’. डेन्सिटी ०.३ म्हणजे निम्मा प्रकाश पार, १.० म्हणजे दहावा हिस्सा पार. एका अक्षावर एक्स्पोजरचा लॉगॅरिदम, दुसऱ्यावर डेन्सिटी, आणि बिंदू जोडल्यावर आडव्या पडलेल्या इंग्रजी ‘एस’सारखी एक वळणदार रेघ. खाली हळूच वर उठणारा पायथा, मध्ये सरळ चढ, वर सपाट होत जाणारा खांदा. ३१ मे १८९० रोजी सोसायटी ऑफ केमिकल इंडस्ट्रीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला. दोघांच्या आद्याक्षरांवरून ‘एच अँड डी कर्व्ह’ म्हणून ओळखली जाणारी ती रेघ आजही प्रत्येक फिल्मच्या माहितीपत्रकात असते. सरळ भागाच्या चढणीला त्यांनी ‘गॅमा’ म्हटलं.

त्यांच्या निष्कर्षांतला सर्वांत बोचरा असा होता: प्लेट कमी धुवा की जास्त, निरनिराळ्या भागांच्या डेन्सिटींचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळजवळ बदलत नाही. सगळ्या डेन्सिटी एकाच पटीनं वाढतात. समजा, एका सावलीची डेन्सिटी ०.१० आहे आणि एका उजळ भागाची १.००. जास्त वेळ धुवून दोन्ही दीडपट केल्या, तर सावली झाली ०.१५ आणि उजळ भाग झाला १.५०. सावलीतून आधी ७९ टक्के प्रकाश पार होत होता, आता ७१ टक्के होतो. छापलेल्या फोटोत हा फरक शोधावा लागेल. उजळ भागातून मात्र आधी १० टक्के प्रकाश जात होता, तो आता ३ टक्क्यांवर आला. तिथं कागद पांढराफटक पडतो. प्रमाण तेच राहिलं, पण पदरात पडलेल्या वाट्यांत जमीनअस्मानाचा फरक. पुश करण्याचं सगळं गणित एवढ्या दोन ओळींत आहे.

या निष्कर्षाचा धक्का कलावंतांना बसला. पीटर हेन्री इमर्सन हे इंग्लंडमधले नामवंत छायाचित्रकार, शिक्षणानं डॉक्टर. फोटोग्राफी ही चित्रकलेच्या बरोबरीची कला आहे आणि छटांवर फोटोग्राफरचा ताबा असतो, असं हिरिरीनं मांडणारं त्यांचं पुस्तक १८८९ साली आलं होतं. हर्टर-ड्रिफिल्ड यांचं काम वाचल्यावर त्यांचा सूर पालटला. छटांवरचा ताबा आपल्याला वाटत होता त्याहून फारच थोडा आहे, हे त्यांना पटलं, आणि आपल्याच मताच्या मृत्यूची वार्ता देणारी काळ्या चौकटीची पुस्तिका त्यांनी काढली. माझ्या मते इमर्सन जरा घाईनंच शरण गेले. ताबा थोडा असणं आणि मुळीच नसणं यांत अंतर आहे, आणि कॉन्ट्रास्ट हातात असणं ही काही लहान गोष्ट नव्हे. पण स्वतःचं मत चुकलं असं छापून सांगणारा कलावंत विरळाच, म्हणून त्यांचं हे प्रकरण लक्षात राहतं.

धुण्याची वेळ आणि गॅमा यांचं नातं पुढं चार्ल्स केनेथ मीस आणि सॅम्युअल शेपर्ड या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या दोघा मित्रांनी नेमकं केलं. १९०७ साली त्यांचं संशोधन पुस्तकरूपानं आलं. वेळ वाढवत नेला की गॅमा आधी भराभर चढतो, मग त्याचा वेग मंदावतो आणि शेवटी त्या फिल्मची कमाल मर्यादा येते. म्हणूनच तक्त्यातल्या वेळा सरळ पटीत वाढत नाहीत. १९१२ साली कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमननी मीस यांना रॉचेस्टरला न्यायचं ठरवलं. मीस भागीदार असलेली रॅटन अँड वेनराइट ही कंपनीच कोडॅकनं त्यासाठी विकत घेतली. फिल्टरांवर आजही दिसणारं ‘रॅटन’ हे नाव तिथलं.

आता आयएसओच्या अटीकडे येऊ. फिल्म अशी धुवायची की रेघेवरचे दोन बिंदू ठरल्या जागी पडले पाहिजेत. पहिला बिंदू कोऱ्या फिल्मच्या डेन्सिटीपेक्षा ०.१० ने वर. हा वेगाचा बिंदू. दुसरा, त्याच्यापेक्षा लॉगॅरिदमच्या मापात १.३० जास्त, म्हणजे सुमारे वीस पट प्रकाश मिळालेला. त्याची डेन्सिटी पहिल्यापेक्षा ०.८० ने जास्त भरली पाहिजे. एवढं जमलं की पहिल्या बिंदूला लागलेला प्रकाश लक्स-सेकंदांत मोजायचा आणि ०.८ ला त्यानं भागायचं. ०.००२ लक्स-सेकंद लागले तर वेग ४००. म्हणजे डब्यावरच्या ४०० चा पूर्ण अर्थ असा, की एका ठरावीक कॉन्ट्रास्टपर्यंत धुतली तर ४००. त्याहून कमी धुतलीत तर ०.१० चा बिंदू जास्त प्रकाशाकडे सरकतो आणि वेग उतरतो. वेग आणि वेळ यांतला एक स्थिर धरून दुसरा बदलायचा म्हटलं, तरी पहिला जागेवर राहत नाही.

या आकड्याच्या इतिहासात एक गमतीदार वळण आहे. अमेरिकेत १९४३ साली पहिलं एएसए मानक झालं. त्याच्या मुळाशी कोडॅकच्या लॉइड जोन्स यांचे प्रयोग होते. एकाच दृश्याच्या कमीजास्त एक्स्पोजरच्या निगेटिव्ह घ्यायच्या, त्यांचे फोटो छापून माणसांना दाखवायचे आणि कमीत कमी किती एक्स्पोजरपासून फोटो उत्तम म्हटला जातो ते शोधायचं. पण त्या काळचे मीटर आणि शटर भरवशाचे नव्हते, म्हणून मानक ठरवताना वर जवळपास अडीच पटींची राखण ठेवली गेली. पुढं मीटर सुधारले, ३५ मिलिमीटरची छोटी फिल्म सर्रास झाली, आणि लहान निगेटिव्हला जादा एक्स्पोजर म्हणजे जादा रवा आणि कमी तीक्ष्णता, हे ध्यानात आलं. १९६० साली ही राखण कमी करून सव्वा पटीच्या आसपास आणली. १९५४ पासून ३५ मिलिमीटरमध्ये २०० म्हणून विकली जाणारी ट्राय-एक्स त्यामुळं ४०० ची झाली. रसायनात थेंबाचाही फरक न करता. म्हणून ‘मी ४०० ची फिल्म २०० वरच वापरतो’ असं कुणी म्हातारे फोटोग्राफर म्हणाले, तर तो हट्ट समजू नये. काढून टाकलेली राखण त्यांनी आपल्यापुरती परत घातलेली असते.

आता पुश करण्याचा हिशेब स्वच्छ दिसेल. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. एचपी५ प्लस १६०० वर वापरली म्हणजे फिल्मला दोन स्टॉप कमी, म्हणजे चौथा हिस्सा प्रकाश दिला. सावल्यांतला तपशील पायथ्याच्याही खाली घसरला. तिथं चार अणूंची अटच पुरी झाली नाही. साडेसाताऐवजी चौदा मिनिटं धुतल्यानं मधल्या छटा, म्हणजे चेहरे, हात, कपडे, जागेवर आले. उजळ भाग चढले, रवा वाढला. नाटकाच्या अंधाऱ्या रंगमंचावर प्रकाशझोतातला नट टिपायचा असेल तर हा सौदा परवडतो. मागचा पडदा काळा ठिक्कर झाल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. मांडवाच्या सावलीत बसलेल्या माणसांचे डोळे दिसायला हवे असतील, तर तो अंगाशी येतो. डेव्हलपर बदलून खराखुरा वेग वाढतो, पण थोडा. फेनिडोन असलेला मायक्रोफेन अर्ध्या स्टॉपपर्यंत देतो. बारीक रव्यासाठी घेतलेला परसेप्टॉल उलट वेग खातो. पेल्यात काहीतरी ओतून दोन-तीन स्टॉप खरेखुरे मिळवून देणारं रसायन बाजारात नाही, जाहिरातीत असलं तरी.

उलट दिशेनं जाणं मला जास्त फायद्याचं वाटतं, आणि त्याबद्दल बोललं जातं फार कमी. मे महिन्यातल्या दुपारी अंगणातलं कडक ऊन आणि ओसरीतला अंधार एकाच फोटोत घ्यायचा असेल, तर ४०० ची फिल्म २०० वर वापरायची आणि धुण्याची वेळ पंधरा-वीस टक्क्यांनी उतरवायची. जादा प्रकाशानं ओसरी भरून निघते, कमी वेळेनं अंगण आवरतं. पावसाळ्यात आभाळ भरून आलेलं असताना नेमकं उलटं. दृश्यातच कॉन्ट्रास्ट नसतो, डब्यावरच्या वेळेला काढलेली निगेटिव्ह राखाडी आणि मलूल येते, तिथं वेळ पंधरा-वीस टक्क्यांनी वाढवली की जीव येतो.

याच विचाराला शिस्तीचं रूप दिलं अँसल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी. लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवताना, १९४० च्या सुमारास, त्यांनी झोन सिस्टिम बांधली. गडद काळ्यापासून कागदाच्या पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे एकेका स्टॉपच्या अंतरानं टप्पे पाडले आणि त्यांना शून्य ते दहा असे रोमन आकडे दिले. पाचवा टप्पा मधला राखाडी. मीटर ज्या गोष्टीकडं रोखाल तिला तो पाचव्यावर बसवतो. ती कोणत्या टप्प्यावर हवी ते फोटोग्राफरनं ठरवायचं. तपशीलवार सावली तिसऱ्यावर बसवली आणि उजळ भाग आठव्याऐवजी नवव्यावर पडू लागला, तर फिल्म एका टप्प्यानं कमी धुवायची. सातव्यावरच पडला, तर एका टप्प्यानं जास्त.

अ‍ॅडम्स यांचा ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हा गाजलेला फोटो या शिस्तीची कसोटीच म्हणावा. तारीख १ नोव्हेंबर १९४१. अ‍ॅडम्सना साल आठवत नसे, चंद्राच्या जागेवरून अभ्यासकांनी तारीख पुढं नक्की केली. गाडीतून सान्ता फेकडे परतताना त्यांना उगवलेला चंद्र आणि खाली मावळतीच्या उन्हात चमकणारे थडग्यांवरचे क्रूस दिसले. आठ बाय दहा इंचांचा कॅमेरा घाईघाईनं उभा केला, पण मीटर सापडेना. तेव्हा त्यांना आठवलं, की चंद्राचं तेज चौरस फुटाला सुमारे २५० कँडल असतं. चंद्र सातव्या टप्प्यावर ठेवायचा, म्हणजे पाचव्या टप्प्यावर साधारण ६० कँडल. सुमारे ६४ वेगाच्या फिल्मला एफ/८ वर १/६० सेकंद. गडद पिवळ्या फिल्टरसाठी तिप्पट, आणि लेन्सचं तोंड एफ/३२ पर्यंत आवळलं म्हणून आणखी सोळा पट. झाला जवळपास एक सेकंद. दुसरी फिल्म घालेपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं होतं.

एक्स्पोजर चंद्रावरून ठरलं, म्हणजे जमिनीवरच्या सावल्यांचं माप घेतलेलंच नव्हतं. त्या कमी पडणार हे उघड होतं. धुताना अ‍ॅडम्सनी पातळ केलेला डी-२३ घेतला आणि फिल्म आळीपाळीनं अर्धा मिनिट डेव्हलपरमध्ये आणि दोन मिनिटं साध्या पाण्यात, न हलवता, अशी दहा वेळा ठेवली. पाण्यात असताना उजळ भागांत मुरलेला डेव्हलपर लगेच संपतो, सावल्यांतला मात्र काम करत राहतो. प्रमाण बदलत नाही हा हर्टर-ड्रिफिल्ड यांचा नियम इथं थोडासा वाकवता येतो. इमर्सननी एवढं पाहिलं असतं तर ती काळी चौकट कदाचित काढली नसती. तरीही जमिनीचा भाग विरळच राहिला, आणि १९४८ साली अ‍ॅडम्सनी निगेटिव्हचा खालचा भाग रसायनानं गडद करून घेतला. मुळात जो तपशील थोडाफार होता, तो त्यामुळं छापायला सोपा झाला.

अ‍ॅडम्सची फिल्म सुट्या तावांची होती, एकेक ताव वेगळा धुता येई. आपल्या रोलवर छत्तीस फोटो आणि त्यांत सकाळ, दुपार, घरातला दिवा सगळं एकत्र. इथं पुष्कळसं काम व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट कागदावर सोपवावं. इलफर्डनं १९४० साली मल्टिग्रेड आणला तो यासाठीच. फिल्टर बदलून एकाच कागदावर मऊ किंवा कडक फोटो काढता येतो. निगेटिव्हला सावल्या असल्या पाहिजेत, बाकीचं छापताना बघता येतं.

तापमानाचा मुद्दा मात्र आपल्याकडं टाळून चालत नाही. तक्ते २० अंशांचे असतात आणि एप्रिलमध्ये मुंबईच्या गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी तिशीच्या घरात असतं. इलफर्डच्या तक्त्याचं प्रमाण असं, की २० अंशांना चार मिनिटं लागत असतील तर २३ अंशांना तीन. याच हिशेबानं साडेसात मिनिटांची वेळ २४ अंशांना पाच मिनिटांच्या थोडी वर येते आणि २८ अंशांना साडेतीनवर. एवढ्या थोड्या वेळात डेव्हलपर ओतायला आणि काढायला लागणारी पंधरा-वीस सेकंदंही जड होतात, आकाशात पट्टे उमटतात. यावर सर्वांत साधा इलाज म्हणजे डेव्हलपर पातळ करणं. आयडी-११ मध्ये तेवढंच पाणी मिसळलं तर २० अंशांची वेळ तेरा मिनिटं होते, २४ अंशांना ती नऊच्या आसपास येते. नऊ मिनिटांवर पंधरा सेकंदांची चूक खपून जाते. बर्फाच्या बादलीत बाटल्या ठेवून २० अंश गाठण्याची खटपट करण्यापेक्षा २४ अंश पक्के धरून त्यासाठी आपली वेळ ठरवणं शहाणपणाचं. फक्त हायपो आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या आसपास हवं, नाहीतर फुगलेल्या जिलेटिनला सुरकुत्या पडतात. उष्ण प्रदेशांसाठी कोडॅकचं डीके-१५ नावाचं एक जुनं सूत्र आहे. त्यात सोडियम सल्फेट असतं, ते जिलेटिनला फुगू देत नाही.

आयडी-११ आणि कोडॅकचा डी-७६ हे मुळात एकच. १९२७ सालचं हे सूत्र: मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम आणि पाणी एक लिटरपर्यंत. शंभर वर्षं होत आली तरी नवी फिल्म आली की तिची तुलना याच द्रावणाशी होते. वेग-वेळेची सांगड शिकायची असेल, तर वर्षभर हाच एक डेव्हलपर धरून ठेवावा. दर रोलला नवी बाटली आणणारा माणूस बाटल्यांबद्दल छान बोलतो, पण त्याच्या निगेटिव्ह एकमेकींशी जुळत नाहीत.

स्वतःचा वेग शोधायला डेन्सिटोमीटर लागत नाही, एनलार्जर पुरे. सारख्या सावलीतली साधी भिंत घ्या आणि फोकस अनंतावर ठेवून ती मुद्दाम धूसर करा. मीटर जे सांगेल त्यापेक्षा चार स्टॉप कमी, म्हणजे पहिल्या टप्प्यावर, एक फ्रेम. फिल्मचा वेग ४००, ३२०, २५०, २०० आणि १६० असा धरून अशा पाच फ्रेम, आणि त्यांच्या शेजारी एक लेन्सवर झाकण ठेवून काढलेली कोरी. नेहमीच्या वेळेला रोल धुवा. मग एनलार्जरमध्ये कोरी फ्रेम लावून, कागद त्याच्या पूर्ण काळ्यापर्यंत जायला कमीत कमी किती सेकंद लागतात ते पट्टी काढून शोधा. कागद वाळल्यावर बघा, ओला कागद फसवतो. त्याच सेकंदांना बाकीच्या पाच फ्रेम छापा. ज्या फ्रेमचा काळा कोऱ्या फ्रेमच्या काळ्यापेक्षा नुकता वेगळा ओळखू येतो, तो तुमचा वेग. आयडी-११ मध्ये तो पुष्कळदा २५० ते ३२० च्या दरम्यान निघतो. वेग कळला की वेळ. त्याच भिंतीची तीन स्टॉप जास्त, आठव्या टप्प्यावरची फ्रेम काढून छापा. ती कोऱ्या कागदाइतकी पांढरी आली तर वेळ जास्त झाली, ठळक राखाडी आली तर कमी. पांढऱ्याच्या किंचित अलीकडं येईपर्यंत दर खेपेला दहा टक्क्यांनी वेळ हलवायची. वेळ बरीच बदलावी लागली, तर वेगाची चाचणी एकदा पुन्हा, कारण वर म्हटल्याप्रमाणे वेळेबरोबर वेगही सरकतो.

या चाचणीत तुमच्या मीटरची चूक, शटरचा आळस, थर्मामीटरचा अर्धा अंश आणि तुमच्या हाताचं हलवणं, सगळं आपोआप धरलं जातं. म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. एनलार्जरचाही फरक पडतो. कंडेन्सर लावलेल्या एनलार्जरमध्ये उजळ भागांतली दाट चांदी प्रकाश जास्त विखुरते आणि तीच निगेटिव्ह कडक छापली जाते. डिफ्यूजर असलेल्यात ती मऊ येते. कंडेन्सरवाल्यांनी वेळ त्या मानानं कमी ठेवावी. आणि जे डार्करूममध्ये छापतच नाहीत, फक्त स्कॅन करतात, त्यांनी तर उजळ भाग फार दाट होऊच देऊ नयेत. साधे स्कॅनर दाट चांदीतून नीट पाहू शकत नाहीत आणि ढगांत मुंग्या दाखवतात. त्यांच्यासाठी भरपूर एक्स्पोजर आणि थोडी कमी मिनिटं बरी. मऊ निगेटिव्हचा कॉन्ट्रास्ट संगणकावर वाढवता येतो.